पिल्लाच्या पावलांनी पुणं

पुण्यात आलेला पाहुणा शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहतो, पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतो, तुळशीबागेत दोन वस्तू घेतो, बाकरवडी बांधून घेतो आणि गाडीत बसतो. झालं पुणं! पण मुलांनो, आज आपण पुणं बघणार आहोत ते जमिनीपासून वीतभर उंचीवरून. अडीच महिन्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात, आणि तिथून दिसणारं पुणं वेगळंच असतं. त्याला शनिवारवाड्याचं काही नाही. त्याला दिसते ती फरशी, जिना, डबकं, गवत आणि तुमच्या चपला.

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी पिल्लू असेल, किंवा ‘आणू या ना’ असा हट्ट चालू असेल. पिल्लू घरी आलं की पहिल्याच आठवड्यात दोन तक्रारी हमखास सुरू होतात. ‘हे असं वाकडंतिकडं का चालतं?’ ही पहिली. आणि ‘रोज सकाळी हॉलमध्ये तळं!’ ही दुसरी. या दोन्हींची उत्तरं शोधायला पुण्यासारखं गाव नाही. कसं ते पाहा.

सुरुवात पायाखालून करू. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत ओटीवर आणि माजघरात शेणानं सारवलेली जमीन असायची, नाहीतर खरखरीत शहाबादी फरशी. मधे चौक, मागे विहीर आणि परसू. पिल्लू उंबऱ्यावरून घरंगळलं की थेट मातीत. आता त्याच जागी पाच-सहा मजली इमारती उभ्या आहेत आणि आत आरशासारख्या गुळगुळीत टाइल्स. तुम्ही मोजे घालून त्यावर पळून बघा (आई नसताना नको, ती माझ्या नावानं ओरडेल). पाय सटकतात की नाही? पिल्लाला तर मोजे काढताही येत नाहीत. त्याच्या पंजाच्या गाद्या मऊ, नखं टोकदार, स्नायू कच्चे. मग ते तोल सांभाळायला पाय फाकवतं आणि बेडकासारखं फेंगडं चालतं. हेच पिल्लू अंगणात किंवा गवतावर नेऊन सोडा. तिथे सरळ चाललं, तर खोट फरशीची, पिल्लाची नाही. जुन्या सतरंज्या, पोती, रबरी पायपुसणी घरभर टाकली की निम्मं काम होतं. घर विचित्र दिसतं खरं, पण तीन-चार महिन्यांचाच प्रश्न असतो.

गवतावरही चाल तशीच राहिली तर मात्र नीट बघावं लागतं. आणि चाल कशी बघायची हे शिकायचं तर कॅम्पातल्या रेसकोर्सकडे चला. पुण्याच्या शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात असतो, मुंबईचा हिवाळ्यात. शर्यतींवर पैसे लावायचं मी तुम्हांला मुळीच सांगणार नाही! पण घोड्यांचे डॉक्टर काय करतात ते ऐकण्यासारखं आहे. घोडा लंगडतोय असा संशय आला की ते त्याला कडक, सपाट जमिनीवर सरळ पुढे दुडकत न्यायला सांगतात आणि परत आणायला सांगतात. आणि ते आधी बघतात डोकं. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला टेकताना जनावर डोकं वर उचलतं, म्हणजे दुखऱ्या पायावर भार कमी पडावा. चांगला पाय टेकला की डोकं खाली येतं. मागचा पाय दुखत असला तर त्या बाजूचा खुबा जास्त वर-खाली होतो. कुत्र्यालाही हाच नियम लागू.

डोळ्यांना मात्र भरभर हलणारे पाय धड दिसत नाहीत. घोडा पळताना त्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात का, यावर शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठी माणसं वाद घालत. अखेर १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारानं ओळीनं कॅमेरे लावून पळत्या घोड्याची छायाचित्रं घेतली आणि दाखवून दिलं, की हो, असतात! मायब्रिजला जे करायला रांगेनं कॅमेरे लागले ते आज घरातल्या मोबाईलवर होतं. मित्राला पिल्लाची दोरी धरून सरळ दूर जायला आणि परत यायला सांगा. एकदा मागून, एकदा पुढून, एकदा बाजूनं चित्रीकरण करा आणि सावकाश गतीनं बघा. दवाखान्यात गेल्यावर पिल्लू घाबरून एका जागी थिजतं आणि घरची चाल दाखवतच नाही. तेव्हा हे अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण डॉक्टरांना तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतं.

आता वाकड्या चालीचे प्रकार. गंमत म्हणजे, कुठल्या वर्षी पुण्याच्या सोसायट्यांत कुठली चाल जास्त दिसली हे जवळजवळ सिनेमा आणि जाहिरातींवर ठरत आलंय! १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्यातल्या पांढऱ्याशुभ्र टफीसारखं पिल्लू प्रत्येकाला हवंसं झालं. या लहान, केसाळ कुत्र्यांमध्ये गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचा दोष पुष्कळदा असतो. कुत्रं चांगलं पळत असतं, मध्येच मागचा एक पाय वर उचलून तीन पायांवर दोन-चार उड्या मारतं, पाय झटकतं आणि जणू काही झालंच नाही असं पुन्हा पळू लागतं. लोक हसतात, ‘बघा, नखरे करतंय!’ नखरे नव्हेत ते, वाटी सरकून परत बसलेली असते. पुढे २००३ साली मोबाईल कंपनीच्या जाहिरातीतला पग आला. त्याच्या चालीपेक्षा श्वासाची काळजी मोठी. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा चपट्या नाकाच्या या बिचाऱ्याला दुपारी बाहेर नेणं म्हणजे छळ आहे, असं माझं स्पष्ट मत.

लॅब्रॅडोर आणि अल्सेशियन यांची गोष्ट खुब्याची. मांडीच्या हाडाचा गोल डोका खुब्याच्या खोबणीत घट्ट बसायला हवा. काही पिल्लांत खोबण उथळ राहते, सांधा ढिला पडतो आणि पिल्लू मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखं उड्या मारत पळतं, बसल्यावर उठायला वेळ लावतं. हा दोष आईबापांकडून येतो, पण जास्त वजन आणि चुकीचा व्यायाम त्याला वाढवतात. २०१२ साली नॉर्वेतल्या पशुवैद्यांनी मोठ्या जातींच्या पिल्लांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं, की तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढउतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त, आणि मोकळ्या जागेत दोरीशिवाय मनासारखं बागडणाऱ्यांत कमी. म्हणून लिफ्ट बंद असली तर पिल्लाला उचलून घ्या. पर्वतीच्या पायऱ्यांवर तर त्याला एवढ्यात नेऊच नका. आणि पुणं म्हणजे दुचाक्यांचं गाव! स्कूटरच्या पायाशी ऐटीत उभं राहिलेलं कुत्रं तुम्ही लक्ष्मी रस्त्यावर पाहिलंच असेल. ते थांबल्याबरोबर खाली उडी मारतं, आणि वाढत्या हाडांना तेच नको असतं.

एक गोष्ट सांगतो. नारायण पेठेत, एका जुन्या वाड्याच्या जागी बांधलेल्या इमारतीत, चौथीतल्या एका मुलीकडे मोती आला. तीन महिन्यांचा होईपर्यंत त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले, मनगटं सुजल्यासारखी जाड झाली आणि तो चालायच्या ऐवजी बसू लागला. शिवाय रोज सकाळी देवघरासमोर शू! आजी सोवळ्याच्या. त्या म्हणाल्या, ‘अधू पिल्लू गळ्यात मारलंय आपल्या. परत देऊन टाका.’ बाबांनी रविवार ठरवलासुद्धा. शनिवारी आईनं मुलीची समजूत घालायची म्हणून दोघांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पिल्लाला हात लावायच्या आधी विचारलं, ‘काय खातो?’

‘दूध-पोळी,’ मुलगी म्हणाली.

‘आणि?’

‘दूध-पोळीच. आम्ही शाकाहारी आहोत ना.’

डॉक्टर हसले. म्हणाले, ‘तुम्ही आहात गं. त्याला विचारलंस का?’

मोतीला मुडदूस झाला होता. आपल्या त्वचेवर ऊन पडलं की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं. कुत्र्याच्या त्वचेत ते पुरेसं होत नाही, त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. हे कोडं सुटायलाही कुत्र्याची पिल्लंच कारण झाली बरं का! पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमध्ये गरिबांच्या मुलांना मुडदूस फार होत असे आणि कारण कळत नव्हतं. एडवर्ड मेलनबी या शास्त्रज्ञानं १९१८-१९ च्या सुमारास पिल्लांना ओटची लापशी देऊन घरात वाढवलं. त्यांचे पाय वाकले. मग कॉड माशाच्या यकृताचं तेल दिल्यावर मुडदूस हटला. त्यातूनच पुढे ड जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि लाखो मुलांचे पाय वाचले. मेलनबीच्या पिल्लांचं ऋण आपल्यावर आहे ते असं.

मोतीचं जेवण बदललं. अंडं, पिल्लांसाठी बनवलेलं तयार खाद्य आणि डॉक्टरांनी मोजून दिलेलं औषध. आजींनी अंड्याचं भांडं वेगळं ठेवलं, गॅलरीत! इथे एक सूचना. दुकानातून कॅल्शियमची बाटली आणून मनानं पाजू नका. मोठ्या जातीच्या पिल्लांत जास्तीच्या कॅल्शियमनंही हाडं बिघडतात.

राहिली देवघरासमोरची शू. डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, ‘रात्री शेवटचं बाहेर कधी नेता?’ ‘आठ वाजता, मालिका सुरू व्हायच्या आधी.’ ‘आणि सकाळी?’ ‘सात वाजता.’ म्हणजे अकरा तास! पिल्लाच्या मूत्राशयाचा एक ढोबळ हिशेब आहे. वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास ते जेमतेम धरू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास, तीन महिन्यांचं चार तास. चार महिन्यांपर्यंत त्या स्नायूंवर त्याचा धड ताबाच नसतो. सकाळी उठल्या उठल्या, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लागतेच. ते ‘मुद्दाम’ करत नाही. नाक त्यात घासणं, वर्तमानपत्रानं मारणं यानं ते एवढंच शिकतं, की माणसांसमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं.

त्या मुलीनं काय केलं? रात्री साडेदहाला एकदा, आणि पहाटे साडेपाचला गजर लावून एकदा, मोतीला उचलून न्यायचं ठरवलं. उचलून, कारण चालवत नेलं तर दारापर्यंत पोचायच्या आतच काम होतं. पेठेत पहाटे साडेपाचला दूधवाले, पेपरवाली मुलं आणि पर्वतीला निघालेले आजोबा यांच्याशिवाय कोणी नसतं. रविवारी तिनं बाबांना फक्त इतकंच विचारलं, ‘एक महिना थांबता का?’ थांबले ते.

पण पहाटे न्यायचं कुठे, हा पुण्यातला खरा पेच आहे. बागेच्या फाटकावर पाटी. सोसायटीच्या फाटकावर पाटी. पुण्यात पाट्यांना काय तोटा! आणि मोकळ्या जागेत दुसरीच भीती. १९७८ साली पार्व्हो नावाचा नवा विषाणू कुत्र्यांमध्ये आढळला आणि बघता बघता जगभर पसरला. तो मातीत कित्येक महिने टिकतो, नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला तो लागला की उलट्या, रक्ताची घाणेरड्या वासाची हगवण, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जाऊ शकतं. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं द्याव्या लागतात. एक दिली म्हणजे झालं असं नाही. तोपर्यंत गच्चीचा कोपरा, मातीनं भरलेला पसरट ट्रे किंवा गॅलरीतलं वर्तमानपत्र बरं. बाहेरचं जग मात्र त्याला दाखवा, कडेवर घेऊन! रिक्षा, मंडईतला गोंगाट, बँडवाले हे सगळं लहानपणी पाहिलेलं कुत्रं मोठेपणी बावरत नाही.

सकाळच्या अपघातात काळजीचं कधी? महिनाभर कोरडं राहिलेलं पिल्लू पुन्हा घरात करू लागलं, दर पंधरा मिनिटांनी बसून थेंब-थेंब करतंय, लाल दिसतंय, सारखं चाटतंय, किंवा वाटीमागून वाटी पाणी पितंय, तर ही शिस्तीची बाब राहिली नाही. स्वच्छ धुतलेल्या बाटलीत सकाळची शू धरा (पसरट डबी हळूच खाली सरकवायची, जमतं) आणि दवाखाना गाठा. पाणी मात्र तोडू नका. पुण्याच्या उन्हाळ्यात तर नाहीच नाही. शेवयांसारखे जंत दिसले, पोट डमरूसारखं फुगलं, तर जंताचं औषध डॉक्टर वजन करूनच देतात. आणि तुमच्या तापाची गोळी त्याला चुकूनही देऊ नका. माणसांची वेदनाशामकं पिल्लाचं यकृत आणि मूत्रपिंड बिघडवतात.

गणपतीच्या दिवसांत तर सांगायलाच नको. ढोल-ताशांची पथकं महिनाभर आधीपासून सराव करतात, विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या धडधडाटानं भेदरलेलं पिल्लू जागच्या जागी करतं. आतली खोली, लावलेल्या खिडक्या, चालू पंखा आणि जवळ बसलेलं एक माणूस, एवढं पुरतं.

पाऊस ओसरला की टेकडी. वेताळ टेकडीवर ऑक्टोबरमध्ये गवत पिवळं पडतं आणि कुसळं धरतं. लसी झालेलं तुमचं पिल्लू तिथे मनसोक्त धावतं आणि खाली येताना लंगडतं. आधी बोटांच्या मधे बघा. निम्म्या वेळा कुसळ किंवा बाभळीचा काटा सापडतो. कानात आणि काखेत गोचीड बघा. या गोचिडीला पुण्यात तरी कोणी क्षुल्लक समजू नये, कारण आंबेडकर रस्त्यावर ती मोठी संस्था उभी आहे. १९५२ साली सुरू झालेलं विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली तेव्हा इथल्याच शास्त्रज्ञांनी तिथे जाऊन शोधलं, की हा नवा विषाणू आहे आणि तो गोचिडी पसरवतात. आपल्या कुत्र्यांवरची गोचीड वेगळी, तिचा ताप वेगळा, पण तोही वाईटच. कुत्रं मलूल होतं, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं, आणि सांधे दुखून ते काठ्यांवर चालल्यासारखं ताठ चालतं. काटा नाही, जखम नाही, तरी चाल बदलली, तर गोचीड आठवा.

नदीकाठची डबकीही टाळा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेच्या पात्रातला रस्ता बुडतो, बिळांतले उंदीर बाहेर येतात आणि त्यांच्या मुतातून लेप्टोचे जंतू पाण्यात मिसळतात. ते कुत्र्यालाही होतात, आपल्यालाही.

एक चाल मात्र अशी आहे, की ती दिसली तर चित्रीकरण नाही, जवळ जाणं नाही. रस्त्यावरचं पिल्लू झिंगल्यासारखं झुलतंय, मागचे पाय ओढतंय, लाळ गळतेय, आवाज बदललाय. लांब व्हा आणि मोठ्यांना सांगा. ती रेबीजची लक्षणं असू शकतात. कुठल्याही कुत्र्याचा दात किंवा ओरखडा लागला, अगदी घरच्या पिल्लाचासुद्धा, तर घरी लपवू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी ससूनला किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जा. तुमच्या आईबाबांना पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती असेल. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस भारतात २००४ अखेर बंद झाली. आता सुई दंडात, आणि तीही मोजक्याच वेळा. पिल्लाला स्वतःला ही लस तिसऱ्या महिन्यात द्यायची.

शेवटचा मुक्काम औंध. स्पायसर कॉलेजसमोरच्या त्या झाडीत पशुसंवर्धन खात्याचं आयुक्तालय आहे आणि जनावरांच्या लसी बनवणारी संस्थाही. कोंबड्यांच्या राणीखेतची, जनावरांच्या घटसर्पाची लस इथे तयार होते. गायींना लंपी झाला तेव्हा त्यावरच्या देशी लसीचं तंत्र २०२२ साली याच संस्थेला देण्यात आलं. औंधलाच सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. सरकारी दवाखान्यात शेळी, पोपट, मांजर आणि तुमचं पिल्लू एकाच रांगेत. पिल्लाला मांडीवर घ्या, जमिनीवर सोडू नका. लसीचं कार्ड, मोबाईलमधलं चित्रीकरण आणि शूची बाटली हाताशी ठेवा. त्यानं केव्हा काय खाल्लं, किती वेळा केली, कुठल्या पायानं, कधीपासून, हे एका कागदावर लिहून न्या, कारण आत गेल्यावर बाबा सगळं विसरतात. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा बाबांच्या आधी तुम्ही बोला. पहाटे साडेपाचला उठणारे तुम्हीच असता.